आधी चित्र, मग सूत्र

अकरावीची पहिली युनिट टेस्ट झाली आणि आमच्या लेकीने फिजिक्सचा पेपर दप्तरातून बाहेर काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी तो गादीखाली सापडला. 25 पैकी 6. दहावीपर्यंत मराठी माध्यमात विज्ञानात नेहमी पुढे असलेली पोर. मान खाली घालून एवढंच म्हणाली, "अब्बा, मला कॉमर्सला टाका."

आम्ही दोघं कोपरखैरण्यात राहतो. एक जण वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो. दुसरी बारावी कॉमर्सपर्यंत शिकलेली, घर सांभाळते. फिजिक्स आम्हा दोघांनाही येत नव्हतं. क्लासमध्ये विचारलं, तर "सूत्रं पाठ करून घ्या" एवढंच उत्तर मिळालं. तरी शाखा बदलण्याआधी तो पेपर एकदा नीट पाहायचं आम्ही ठरवलं. असा पेपर आणखीही काही घरांत गादीखाली असेल, म्हणून पुढच्या तीन महिन्यांत काय केलं ते लिहीत आहोत.

चूक कुठे होती?

पेपर पाहिला तर सूत्रं जवळजवळ सगळी बरोबर होती. चुकले होते ते त्यात घातलेले आकडे. संपूर्ण पेपरात एकही आकृती नव्हती. आणि प्रश्न मराठीत सांग म्हटलं, तर तिला सांगता येईना. डिस्प्लेसमेंट, व्हेलॉसिटी, कायनेटिक एनर्जी हे शब्द ती वाचत होती, पण त्यातून डोळ्यांपुढे काही उभं राहत नव्हतं.

मग माळ्यावरून नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. पहिला धडा 'गतीचे नियम', दुसरा 'कार्य आणि ऊर्जा'. म्हणजे यातलं बरंचसं ती दोन वर्षांपूर्वी शिकली होती! वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहिल्या : डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन, ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण, व्हेक्टर म्हणजे सदिश. मराठी शब्द स्वतःच अर्थ सांगतात. सदिश, म्हणजे दिशेसह असलेली राशी. गतिज ऊर्जा गतीतून येते, स्थितिज ऊर्जा स्थितीतून. एवढं झालं आणि तिचा चेहरा जरा सैलावला.

त्यानंतर रोज मगरिबनंतर पाऊण तास जेवणाच्या टेबलावर बसायचं, असा नेम केला. दिवसाला एकच गणित, तेही शक्यतो आपल्या आसपासचं.

ओहोटीतली होडी

पहिलं गणित खाडीचं घेतलं. समजा, खाडीच्या एका फाट्याची रुंदी 600 मीटर आहे. होडी वल्हवण्याचा वेग सेकंदाला 2.4 मीटर. ओहोटीचं पाणी आडव्या दिशेने सेकंदाला 1 मीटर वाहतंय. होडीचं तोंड सरळ पलीकडच्या काठाकडे ठेवलं, तर पोहोचायला किती वेळ लागेल?

लेकीने दोन्ही वेगांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं. 2.6 आलं. मग 600 ला 2.6 ने भागून 231 सेकंद लिहिले. सूत्र बरोबर, उत्तर चूक.

आकृती काढल्यावर चूक दिसली. 2.6 हा वेग तिरक्या वाटेवरचा आहे आणि 600 ही सरळ रुंदी. पाणी होडीला बाजूला ढकलतं, पलीकडे नेत नाही. पलीकडे नेतो तो फक्त 2.4 चा वेग. म्हणून वेळ 250 सेकंद. तेवढ्यात होडी 250 मीटर बाजूला वाहून जाते आणि तिरकी वाट होते 650 मीटर. आता 650 ला 2.6 ने भागा, पुन्हा 250 च येतात. दोन वाटांनी एकच उत्तर आलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

बरोब्बर समोर उतरायचं असेल तर? दिवाळे गावच्या कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. होडीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला थोडं वळवायचं. मात्र मग पलीकडे जाण्याचा वेग कमी होऊन सुमारे 2.18 उरतो आणि वेळ लागतो 275 सेकंद. सदिशांच्या बेरजेतली मुख्य गोष्ट इथेच कळते : कुठला वेग कुठल्या दिशेचा, हे आधी ठरवायचं.

पाम बीच रोडवरचा ब्रेक

दुसरं गणित थोरल्या मुलासमोर केलं, तेही मुद्दाम. त्याला बाइक घेऊन सहा महिने झाले होते आणि पाम बीच रोड त्याचा आवडता.

बाइक आणि चालवणारा मिळून 200 किलो धरले. वेग ताशी 36 किलोमीटर. ताशी किलोमीटरला 3.6 ने भागलं की सेकंदाचे मीटर मिळतात, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असं धरलं, तर थांबायला 10 मीटर लागतात. आता वेग दुप्पट करा, ताशी 72. "मग 20 मीटर लागतील," मुलगा म्हणाला. लेकीने वेगाचा वर्ग करून दुप्पट त्वरणाने भागलं. उत्तर आलं 40.

"असं कसं?" त्याने विचारलं. तेव्हा तिने तेच गणित ऊर्जेने करून दाखवलं. पहिल्या वेळी गतिज ऊर्जा 10,000 ज्यूल, दुसऱ्या वेळी 40,000. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ब्रेकचं बल दोन्ही वेळा तेवढंच, 1,000 न्यूटन. मग ती ऊर्जा खर्च व्हायला अंतरही चौपटच लागणार. शिवाय समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. म्हणजे एकूण अंतर 20 मीटर आणि 60 मीटर. रस्ता ओला असेल तर आणखी जास्त.

मुलगा काही बोलला नाही. पण तो कागद त्याने खिशात ठेवला, हे आम्ही दोघांनीही पाहिलं.

पांडवकड्याचा दगड

पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याजवळ जायला वारंवार बंदी घातली जाते. तरुण मुलांना ते जाचक वाटतं. म्हणून तिसरं गणित त्याचंच घेतलं. हा कडा शंभर मीटरहून उंच आहे. वरून अर्धा किलोचा दगड 100 मीटर खाली आला, तर खाली पोहोचताना त्याची ऊर्जा किती?

वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार : 0.5 गुणिले 9.8 गुणिले 100, म्हणजे 490 ज्यूल. आकडा आला, पण तो मोठा की लहान हे कळेना. इथे मार्केटचा अनुभव कामी आला. कांद्याची 50 किलोची गोणी एक मीटर उंचीवरून पडली, तर तिचीही ऊर्जा 490 ज्यूलच! थप्पीवरून गोणी सुटली की माथाडी कसे ओरडून बाजूला होतात, हे घरातल्या एकाने रोज पाहिलेलं. हवेचा विरोध सोडला, तर त्या दगडाचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या आसपास भरतो. बंदी का असते, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

आमच्या टेबलावरचे नियम

या तीन महिन्यांत पाच सवयी लागल्या. प्रश्न आधी आपल्या भाषेत सांगायचा. मग आकृती काढून बाण दाखवायचे. कुठली दिशा अधिक, कुठली उणे हे लिहून ठेवायचं. सगळी एककं सारखी करायची. आणि उत्तर आल्यावर विचारायचं : हे पटतं का? चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला 40 मीटर आला, तर गणित पुन्हा करायचं.

यात पालकाला फिजिक्स यायलाच हवं असं नाही. "हा बाण इकडे का?" एवढं विचारता आलं तरी पुरे. आपल्याला समजावताना मुलालाच आपली चूक सापडते. जे सापडत नाही ते वहीत लिहून कॉलेजच्या सरांना विचारायचं.

आणखी एक. अकरावीचं वर्ष "बोर्डाचं नाही" म्हणून सोडू नये. एमएचटी-सीईटीत सुमारे 20 टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो, आणि बारावीचं फिजिक्सही याच पायावर उभं राहतं.

अडखळणारं मूल मठ्ठ असतं, असंही समजू नये. वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 1974 साली सुरू झालेलं टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र विज्ञान आणि गणित कसं शिकलं-शिकवलं जातं, यावरच संशोधन करतं. एवढे विद्वान ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करतात, त्यावरून आपल्या लेकराला एका संध्याकाळी रागावणं बरं नाही.

दुसऱ्या टेस्टमध्ये तिला 25 पैकी 14 मिळाले. फार नाहीत. पण या वेळी पेपर गादीखाली गेला नाही. तिने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चुकलेल्या गणितावर बोट ठेवून म्हणाली, "अम्मी, इथे मी आकृतीच काढली नव्हती."

कॉमर्सचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.