अंगणातील जनरेटर : मांडणी आणि सावधगिरी

आपल्या औरादेत लाईट जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. वैशाखातला वळीव उठला की तारा झुलू लागतात आणि नेमकी पंगत बसलेली असताना मांडवात अंधार होतो. मग कोणीतरी धावत जाऊन भाड्याचा जनरेटर आणतो, मिळेल त्या जागी टेकवितो आणि दोरी ओढतो. दिवे लागले की सर्वांचे समाधान होते. या समाधानात एक मोठा धोका दडलेला असतो. त्याविषयी ट्रस्टच्या सभासद बंधुभगिनींना चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका समारंभाच्या वेळी पाऊस भुरभुरू लागला, तेव्हा यंत्र भिजू नये म्हणून आम्ही ते व्हरांड्यात घेवविले. लगतच्या खोलीत मुली गाण्याची तयारी करीत होत्या. थोड्या वेळाने एकीचे डोके दुखू लागले, दुसरीला उलटी झाली, तिसरीला पेंग येऊ लागली. आम्ही दोष दिला तो उकाड्याला आणि सरबताला. पाहुण्यांत एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांनी आधी यंत्र बंद करविले, मुलींना लिंबाखाली मोकळ्या हवेत आणविले आणि तेथून थेट दवाखान्यात पाठविले. मुली बऱ्या झाल्या. पण वर्गात कार्बन मोनॉक्साईडचा धडा शिकविणारे आम्ही, आणि तोच वायू आम्ही आपल्या हातांनी लेकरांच्या खोलीत सोडला होता! आणखी अर्धा तास गेला असता तर काय झाले असते, हे आम्ही आजही मनाशी पुरते बोलू शकत नाही.

हे घडते कसे ते पाहू. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरविला असता तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावला. जनरेटर म्हणजे त्याच तत्त्वावर चालणारे यंत्र होय. त्यातील चुंबक फिरविण्याचे काम पेट्रोलचे इंजिन करते. आपल्याकडील बहुतेक लहान यंत्रे मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेतात आणि त्यांतून २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज मिळते. परंतु इंजिनात पेट्रोल पूर्णपणे जळत नाही आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवाचून गुदमरते. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लुइझियाना प्रांतावर ‘लॉरा’ नावाचे चक्रीवादळ आले. वादळातून वाचलेले कित्येक लोक नंतर आपल्याच घरच्या जनरेटरच्या धुराने दगावले. पुढारलेल्या देशातही अज्ञानाची किंमत तीच!

म्हणून पहिला नियम हा की, यंत्र नेहमी उघड्यावर आणि घरापासून निदान वीस फूट दूर ठेवावे. धुराचे तोंड दारे, खिडक्या व मांडव यांच्या विरुद्ध दिशेस असावे आणि वाऱ्याची दिशाही पाहावी. खोली, तळघर, व्हरांडा किंवा मोटारीचे गॅरेज या जागा वर्ज्य समजाव्यात. ‘खिडकी उघडी आहे ना’ हे समाधान खोटे आहे. पावसापासून संरक्षण हवे असेल तर चारी बाजू मोकळ्या ठेवून उंचावर पत्रा घालावा. जमीन सपाट, कोरडी व किंचित उंच असावी. ओल्या हातांनी यंत्रास स्पर्श करू नये. मुलांना, तसेच ओढणी, पदर किंवा मोकळे केस असलेल्यांना फिरत्या भागांपासून दूर ठेवावे.

दुसरा प्रश्न जोडणीचा. कार्यक्रमापुरती वीज हवी असल्यास यंत्राच्या सॉकेटमधून जाड रबरी केबल घेऊन दिवे व पंखे परस्पर जोडावेत. केबल बारीक असू नये. २ किलोवॅटच्या भाराला सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. तीस मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये तेव्हा जेमतेम ४ व्होल्ट खर्ची पडतात, तर ०.७५ च्या बारीक वायरमध्ये सुमारे १३ व्होल्ट जातात आणि ती तापते. वायर चटईखालून किंवा लोकांच्या पायांखालून नेऊ नये.

काही लोक दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून जनरेटरची वीज घराच्या भिंतीतील सॉकेटमध्ये सोडतात. हा प्रकार जीवघेणा आहे. ती वीज घरात थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला तर ती उलट्या दिशेने खांबावर जाते आणि रोहित्रातून तिचा दाब ११००० व्होल्टपर्यंत चढू शकतो. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाईनमन हाही कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष असतो. आपल्या घरचे चार दिवे लावण्यासाठी त्याच्या घरचा दिवा विझवावा काय? सर्व इमारतीला वीज द्यायची असेल तर फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंज-ओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा आणि जेस्कॉमच्या कार्यालयास तसे कळवावे. एका वेळी एकच वीज, असा या स्विचचा धर्म आहे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच हेही त्याच्याकडूनच बसवावे. लहान यंत्रांत न्यूट्रल पुष्कळदा जमिनीशी जोडलेला नसतो आणि तशा स्थितीत हे स्विच ऐन वेळी काम देत नाही. म्हणून जोडणी तपासून घेणे अगत्याचे आहे.

तिसरी बाब भाराची. दहा एलईडी नळ्या २०० वॅट, आठ पंखे ६०० वॅट आणि ध्वनिक्षेपक २५० वॅट, अशी एकूण १०५० वॅटची गरज २ किलोवॅटचे यंत्र सहज भागविते. परंतु त्यावरच एक अश्वशक्तीची पाण्याची मोटार लावली तर ती सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाचसहापट प्रवाह ओढते आणि यंत्र दम टाकते. म्हणून टाकी आधीच भरून ठेवावी.

पेट्रोल भरताना यंत्र बंद करून ते थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनावर सांडलेले पेट्रोल भडकण्यास उशीर लागत नाही. बिडीकाडी दूर ठेवावी आणि पेट्रोलचा डबा घट्ट झाकणाचा असून यंत्रापासून लांब असावा.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा गुंगी एकाच ठिकाणच्या अनेकांना एकदम जाणवली, तर प्रथम सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, यंत्र बंद करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विजेचा धक्का बसलेल्या माणसास हात लावण्यापूर्वी वीज तोडावी.

आपल्या ट्रस्टने स्वतःचा जनरेटर घ्यावा अशी सूचना सभासदांकडून वारंवार येते. ती योग्यच आहे. आमची एवढीच विनंती की, यंत्राच्या किमतीबरोबर चेंज-ओव्हर स्विच, केबल, अर्थिंग आणि अंगणातील पत्र्याची शेड यांचाही खर्च मांडावा. हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्या नजरेत भरणार नाही. पण लगतच्या खोलीत गाणाऱ्या मुली गात राहतील आणि खांबावर चढलेला लाईनमन संध्याकाळी आपल्या घरी पोचेल.