करवली

विवाहप्रसंगी वधूच्या व वराच्या पाठीशी जी करवली उभी असते, तो मान कर्जत-खालापूरकडेही बहुधा धाकट्या बहिणीचा. आम्रपल्लव व नारळ ठेवलेला कऱ्हा मंगलाष्टके संपेपर्यंत तिने सावरावयाचा, त्यातील पाणी वधूवरांच्या डोळ्यांस लावावयाचे. इवल्या हातांस हे ओझे थोडे नव्हे! ख्रिस्ती लग्नांत वधूपुढे फुले उधळणाऱ्या बालिकेचे काम त्यामानाने हलके. प्राचीन रोमेत मातापिता हयात असलेले मुलगे वधूसोबत चालत. एकाच्या हाती मशाल असे.

आपल्याकडे एके काळी पुष्कळदा नवरीच करवलीच्या वयाची असे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीची वयोमर्यादा १४ वर्षे ठरविली. १९७८ मध्ये ती १८ झाली. आजची करवली लग्न आटोपताच पुनः शाळेत येते. त्या काळची नवरी बहुधा येत नसे.