महाविद्यालय निर्णय दिन (अमेरिका)

महाविद्यालय निर्णय दिन म्हणजे अमेरिकेत पदवी अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या विद्यार्थ्याने एका महाविद्यालयाला होकार कळवण्याची रूढ अंतिम तारीख, १ मे. ही तारीख कायद्याने नव्हे, तर प्रथेने पाळली जाते. कोविड-१९ साथीमुळे २०२० साली आणि संघीय अर्थसाहाय्य अर्जाच्या गोंधळामुळे २०२४ साली अनेक संस्थांनी ती पुढे ढकलली.

अनामत

होकारासोबत सामान्यतः काहीशे डॉलर अनामत भरावी लागते. नाव अनामत असले तरी ती बहुधा परत मिळत नाही. प्रवेश कायम राहिल्यास शुल्कात वळती होते. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना अनेक संस्था सूट देतात, पण ती बहुतेकदा मागावी लागते. दोन ठिकाणी अनामत भरून निर्णय लांबवणे अनैतिक मानले जाते. प्रतीक्षा यादीतील विद्यार्थी याला अपवाद होय: तो एका ठिकाणी अनामत भरतो आणि पसंतीच्या संस्थेत जागा मिळाल्यास त्या रकमेवर पाणी सोडतो.

होकार दिलेल्या विद्यार्थ्याला १ मेनंतर इतर महाविद्यालयांनी आमिष दाखवू नये, हा प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम अमेरिकी न्याय विभागाच्या स्पर्धाविषयक आक्षेपानंतर २०१९ साली वगळण्यात आला.

ऑनर्स निवास

ऑनर्स विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी अनेकदा वेगळा अर्ज आणि वेगळी रक्कम लागते. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स महाविद्यालयात प्रथम वर्षाला तेथेच राहण्याची अट आहे. इतर अनेक ठिकाणी ते ऐच्छिक असते. जेथे खोल्या अर्जाच्या क्रमाने मिळतात, तेथे १ मेपर्यंत थांबणाऱ्याला प्रवेश मिळतो, पण हवी ती खोली मिळेलच असे नाही.