शाळा उघडली, एसटी थांबली

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. राज्याच्या ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग त्या दिवशी भरले. तीनच दिवसांनी घटस्थापनेला मंदिरांची दारं उघडली, त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात तो आठवडा शेगावच्या दर्शनासाठीच जास्त लक्षात राहिला असेल तर नवल नाही. त्यात ऐन सोंगणीचा हंगाम. ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसाने विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन नुकतंच झोडपलं होतं. उरलंसुरलं पदरात पडावं म्हणून घरातला प्रत्येक हात शेतात होता. दीड वर्ष घरी असलेली आठवी-नववीतली मुलंही एव्हाना त्या हातांत मोजली जाऊ लागली होती. शाळेने मुलं परत मागितली ती अशा वेळी.

तोवर शाळेने उघडझाप बरीच केली होती. २०२० च्या मार्चमध्ये वर्ग बंद झाले. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. २३ नोव्हेंबरला नववी ते बारावी सुरू, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. मुलांना बाक सापडतो न सापडतो तोच दुसरी लाट आली आणि तिने राज्यात आधी गाठलं ते अमरावती विभागाला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, सगळीकडे पुन्हा कुलपं. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. पेढे वाटावेत की नाही, असा प्रश्न पडावा असा निकाल.

मोठ्या मुलांचं निदान वर्तमानपत्रात येत होतं. पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचं नाव पहिलीत लागलं, त्याने वर्ग आतून पाहिला तो दुसरीचं निम्मं वर्ष उलटल्यावर. मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला येत होती, सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ लागत होती. पण घरात मोबाइल एक, तो वडलांच्या खिशात आणि वडील शेतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी वस्त्यांवर तर मोबाइल असून उपयोग काय, रेंजसाठी टेकडी चढायची.

२०२० च्या त्याच जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असं पुढे तपासणीत निघालं. क्षारता, बाष्पीभवन, सूक्ष्मजीव, सगळं एका तळ्यात. जिल्ह्यातला इतका मोठा विज्ञानाचा धडा जिल्ह्यातल्या मुलांना बाकीच्या जगासारखाच मोबाइलवर पाहावा लागला. हळहळ वाटते ती याची.

शाळेतली खिचडी थांबली, तांदूळ मात्र थांबला नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, या हिशेबाने शाळेच्या व्हरांड्यात वाटप व्हायचं. काट्यावर पिशवी, शेजारी नोंदवही, एकेक पालक सही किंवा अंगठा करून निघायचा. साठ दिवसांचे सहा किलो तांदूळ, सोबत डाळ किंवा हरभरा. हातावर पोट असलेल्या घराला त्याचा आधार झाला, यात शंका नाही. पण शाळेत ताटात पडणारी खिचडी त्या मुलाचीच असते. घरी गेलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो. शिवाय घरपोच तांदळासाठी मुलाला शाळेत यावं लागत नाही. शिजवलेला आहार परतला तो २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिली-दुसरीची पोरं शाळेत टिकवण्यात फळ्याइतकाच चुलीचाही वाटा असतो, हे कुठल्याही झेडपीच्या गुरुजींना विचारा.

मोठ्या मुलींचं दुखणं वेगळं होतं. गावची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढे हायस्कूल आठ-दहा किलोमीटरवर आणि तिथवर नेणारी एकच गोष्ट भरवशाची: एसटी. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास, शिवाय मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस. शाळा उघडून महिना होत नाही तोच, दिवाळीच्या सुमारास, महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण व्हावं म्हणून एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. कर्मचाऱ्यांची बाजू काही खोटी नव्हती. पण बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद या आगारांतल्या गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा पासची किंमत शून्य झाली. काळी-पिवळीला रोजचे पैसे मोजायचे, ते मुलासाठी एक वेळ निघतात. मुलीसाठी ‘आता कशाला, घरीच बस’ हे उत्तर तयार असतं. दीड वर्ष ती घरी बसलेलीच होती, त्यामुळे ते कुणाला टोचलंही नाही. उच्च न्यायालयाने कामावर परतायला दिलेली मुदत होती २२ एप्रिल २०२२. तोवर वर्ष संपत आलं होतं. महामारीने मुली शाळेबाहेर गेल्या असं आपण सरसकट म्हणतो. निदान त्या हिवाळ्यात तरी त्यांना अडवलं ते उभ्या असलेल्या लाल डब्याने.

मध्येच तिसरी लाट. १० जानेवारी २०२२ ला राज्यातल्या शाळा पुन्हा बंद, दोन दिवसांवर सिंदखेड राजाचा जिजाऊ जन्मोत्सव. २४ जानेवारीपासून परत उघडायची मुभा मिळाली. राहिलेला अभ्यास भरून काढायला त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्येही पूर्णवेळ वर्ग भरवायचा आदेश निघाला. उन्हाळ्यात सकाळची शाळा ही विदर्भात चैन नाही, गरज आहे; बाकी राज्यापेक्षा आमच्या शाळा उशिरा उघडतात त्या याच उन्हामुळे. पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी कोण काय शिकणार होतं, हे आदेश काढणाऱ्यांनाच ठाऊक.

दहावी-बारावीची परीक्षाही टप्प्याटप्प्याने पूर्वपदावर आली. २०२२ ला पाऊण अभ्यासक्रम, आपल्याच शाळेत केंद्र, वर अर्धा तास जादा. २०२३ ला सवलती गेल्या, पूर्ण अभ्यासक्रम आला, कॉपीमुक्त अभियानाची घोषणा झाली. आणि ३ मार्चला बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं सिंदखेड राजा तालुक्यातून वेळेआधीच मोबाइलवर फिरली. प्रकरण विधानसभेत गाजलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं, अटक झालेल्यांत शिक्षकही होते. ज्या व्हॉट्सॲपवरून दोन वर्षं अभ्यास पोचवायची धडपड चालली होती, त्याच वाटेने पेपर पोचला. सगळं पूर्ववत झालं, ते हे असं.

आता वाचनाचं. ग्रामीण मुलांना किती वाचता येतं हे तपासणारी ‘असर’ची पाहणी घरोघरी जाऊन एका कागदावर होते: त्यावर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. ‘कमळ’ सरळ वाचणारं मूल ‘किनारा’पाशी अडतं, वेलांटी सोडून देतं आणि पुढचा शब्द अंदाजाने ठोकतं, हे त्या कागदावर लगेच दिसतं. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीची गोष्ट वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ ला २७.३ टक्के होती, २०२२ ला २०.५ उरली. २०२४ ला आकडा २७.१ वर आला आणि नुकसान भरून निघाल्याच्या बातम्या झाल्या. पण २०२४ ची तिसरीतली मुलं पहिलीत गेली तेव्हा शाळा उघड्याच होत्या. ज्यांचं नुकसान झालं ती ही मुलं नव्हेतच. ती तोवर पाचवीत पोचली होती. पाचवीचा २०२४ चा आकडा आहे सुमारे ४९ टक्के, २०१८ ला तो होता ५०.५. म्हणजे त्या मुलांनी बरंच अंतर तोडलं, शिक्षकांनी ते तोडून घेतलं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. कोरोनाआधीही येत नव्हती; तेव्हा दोष द्यायला महामारी नव्हती, इतकंच.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. या समितीच्या बैठका बहुधा रंगरंगोटी, संरक्षक भिंत आणि पाण्याची टाकी यांवरच उरकतात. पुढच्या बैठकीला टेबलावर दुसरीचं बालभारती ठेवा आणि पाचवीतल्या एकेका मुलाला जवळ बसवून एक पान वाचायला सांगा. कोण अडलं याची यादी गुरुजींकडे द्या आणि पंधरा दिवसांनी त्याच मुलांना पुन्हा बोलवा.