सा-ग-प पायाखाली

आखाडा बाळापूरला भजनात पेटी वाजवणाऱ्याला ‘कॉर्ड’ वेगळी शिकवायला नको. सा, ग, प एकदम दाबले की झाली मेजर कॉर्ड. पेडल स्टील गिटारवर तीच शोधायची, वाट तेवढी निराळी.

जुन्या हिंदी गाण्यांतल्या हवाई गिटारची ही धाकटी बहीण. चार पायांवर आडवी, तारा बहुधा 10. तार बोटाने दाबत नाहीत. वर पोलादी दांडी टेकवतात. ‘ई नाइन’ या रूढ जुळणीत दांडी तारांखालच्या तिसऱ्या खुणेवर ठेवून चौथी, पाचवी, सहावी तार छेडा: पांढरी पाचचे सा, प, ग.

आता पाय. पहिलं पेडल दाबलं की प चढून ध होतो, दुसऱ्याने ग चा म. दोन्ही दाबली की सा-म-ध, म्हणजे पांढरी एकची मेजर. दांडी जागची हललीसुद्धा नाही! पहिलंच दाबलं तर सा-ग-ध, ही ध वरची मायनर, जरा उदास. पांढरी एक आठव्या खुणेवर पेडलविनाही सापडते, पण तिथवर घसरत जावं लागतं.

पायपेटीत पाय नुसता हवा भरतो. इथे तो सूर बदलतो. दांडी मात्र खुणेच्या नेमकी वर हवी. केसभर सरकली, तर तिन्ही सूर एकदम बेसूर.