जुन्या जीपचा ब्रेक आणि हवेचें साहाय्य

यंत्राची थोरवी तें किती वेगानें धांवतें ह्यावरून ठरविण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. वस्तुतः धांवणारें वाहन हवें तेथें व हवें तेव्हां थांबतें कीं नाहीं, हाच मालकानें प्रथम विचारण्यासारखा प्रश्न होय. हल्लीं जुन्या जीपगाड्या शोधून काढून त्यांचा जीर्णोद्धार करण्याचा छंद अनेक सुशिक्षित घरांतील तरुणांस लागला आहे. छंद वाईट नाहीं. त्यानें हातांस काम व बुद्धीस खाद्य मिळतें. परंतु त्याच गाडींत बसून सुटीच्या दिवशीं घरांतील आजी, सुना व नातवंडें घाट उतरणार असतात. म्हणून तिच्या ब्रेकविषयीं चार गोष्टी वडील मंडळींसही ठाऊक असाव्या.

विलिसची मूळ जीप दुसऱ्या महायुद्धांत, 1941 ते 1945 ह्या काळांत, अमेरिकेंत तयार झाली. फोर्डच्या कारखान्यांत झालेल्या गाड्या धरून तिची संख्या सहा लाखांवर गेली. युद्धानंतर महिंद्र कंपनीनें ह्याच जातीच्या गाड्या मुंबईस जोडण्यास आरंभ केला आणि जीप हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रूढ झाला. ह्या मूळ गाडीचें वजन सुमारें 1,100 किलो, पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघें 80 इंच, आणि ब्रेकचे ड्रम 9 इंच व्यासाचे.

तिचा ब्रेक द्रवाच्या दाबानें चालतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कल ह्या फ्रेंच पंडिताचा सतराव्या शतकांतील सिद्धान्त आपण शाळेंत शिकलों. ब्रेकचें पेडल ही एक तरफ आहे. ती पायाचा जोर कांहीं पटींनीं वाढवून मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यास देते. तेथील ब्रेक ऑइल तो दाब नळ्यांतून चारही चाकांस पोंचवितें. आणि चाकांतील लायनर ड्रमवर घासून गति उष्णतेंत विरून जाते. ह्या सर्व साखळींत बाहेरून येणारें बळ एकच, चालकाच्या पायाचें. तरुण चालकास तें पुरतें. थकलेल्या किंवा वयस्क पायास पुरेसें होत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं जें उपकरण बसवितात त्यास कारखान्यांत बूस्टर म्हणतात. आपण त्यास बलवर्धक म्हणूं.

बलवर्धक म्हणजे पत्र्याचा एक चपटा, वाटोळा डबा. त्याच्या मधोमध रबराचा पडदा ताणलेला असतो. पेट्रोलचें इंजिन चालूं असलें आणि चालकानें ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, म्हणजे इंजिनाच्या शोषनलिकेंतील हवा विरळ होते. ही विरळता एका जाड नळीनें डब्याच्या दोन्ही कप्प्यांत पोंचविलेली असते. पाय ब्रेकवर पडतांच आंतील झडप मागच्या कप्प्यांत बाहेरची हवा सोडते. पुढें विरळ हवा व मागें पूर्ण दाबाची हवा, अशी स्थिति होऊन पडदा पुढें ढकलला जातो आणि पायाच्या जोरांत भर पडते. ही युक्ति 1927 च्या सुमारास बेल्जियममधील अल्बर्ट देवांद्र ह्या यंत्रज्ञानें प्रचारांत आणली.

हवेच्या ह्या सामर्थ्याचें आश्चर्य वाटावयास नको. माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिके ह्यानें सतराव्या शतकांत दोन पोकळ अर्धगोल जुळवून त्यांतील हवा काढून घेतली, तेव्हां घोड्यांच्या जोड्यांसही ते ओढून वेगळे करणें जड गेलें. आपल्या डब्याचा हिशेब सोपा आहे. पडद्याचा व्यास 20 सेंटिमीटर धरल्यास क्षेत्रफळ सुमारें 314 चौरस सेंटिमीटर होतें. दोन्ही बाजूंच्या दाबांत दर चौरस सेंटिमीटरला 0.6 किलोचें अंतर पडलें, तर सुमारें 190 किलोचें बळ फुकट हातीं येतें.

आमच्या पुतण्यानें हा हिशेब पाहून विचारलें, "काका, म्हणजे गाडी आतां पूर्वीपेक्षां निम्म्या अंतरांत थांबेल ना?" उत्तर असें कीं, तसें समजूं नये. गाडी थांबविणारें अंतिम बळ टायर व रस्ता ह्यांच्यामधील घर्षणाचें असतें, आणि बलवर्धकानें तें रतिभरही वाढत नाहीं. ताशी 40 किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी ब्रेक लागल्यावर 9 मीटरांत थांबत असेल, तर त्याच रस्त्यावर 80 च्या वेगाला 36 मीटर लागतील. वेग दुप्पट झाला कीं अंतर चौपट होतें. हा नियम कोणत्याही डब्यास मोडतां येत नाहीं. बलवर्धक पायाचे श्रम वांचवितो, आणि ज्या पायास पूर्ण जोर लावतां येत नव्हता त्यास तो मिळवून देतो, इतकेंच त्याचें काम.

म्हणून पहिला नियम हा कीं, जुना ब्रेक आहे तसा ठेवून त्यावर बलवर्धक चढवूं नये. ड्रम खांचले आहेत काय, लायनर झिजले आहेत काय, चाकांतील सिलिंडर पाझरतात काय, रबरी नळ्यांस भेगा पडल्या आहेत काय, हें आधीं पाहावें. द्रवांतील हवा नीट काढावी. जोर वाढला म्हणजे जुनी नळी जेथें कच्ची असेल तेथेंच फुटते. शिवाय मूळ जीपमध्यें चारही चाकांस मिळून द्रवाचा एकच मार्ग आहे. तो तुटला कीं हातब्रेकवांचून कांहीं उरत नाहीं. तेव्हां हें काम निघालेंच आहे, तर पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग वेगळे ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसविणें हें बलवर्धकाहूनही अधिक मोलाचें होय.

दुसरी अडचण जागेची. ह्या गाडीचा मास्टर सिलिंडर पायांखालच्या पत्र्याखालीं, चॅसीवर असतो. तेथें डबा बसविला तर चिखलपाण्यापासून व दगडांपासून त्यास जपावें लागतें. इंजिनाच्या बाजूस भिंतीवर बसविला तर पेडलही वरून लोंबणारें करावें लागतें आणि भिंतीचा पातळ पत्रा आधार देऊन बळकट करावा लागतो. पेडलच्या तरफेचें प्रमाणही तपासावें. बलवर्धक नसलेल्या गाडींत तें सुमारें सहास एक असें असतें. बलवर्धकासह चारास एक पुरेसें होतें. तें न बदलल्यास ब्रेक इतका तीव्र होतो कीं, किंचित् स्पर्शानें चाकें जखडतात. चाकांमधील अंतर कमी असलेली ही गाडी ओल्या रस्त्यावर मागचीं चाकें जखडल्यास पाहतां पाहतां आडवी फिरते. डब्यांतून येणारी दांडी व मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ह्यांमध्यें अगदीं थोडी फट राहिली पाहिजे. ती नसल्यास ब्रेक पूर्णपणें सुटत नाहीं आणि ड्रम तापत जातात.

तिसरी गोष्ट इंजिनाची. जुन्या जीपांपैकीं पुष्कळ गाड्यांत पुढें डिझेल इंजिन बसविलें गेलें. त्यांत हवेची वाट अडविणारी झडप बहुधा नसते, त्यामुळें ही विरळता उत्पन्नच होत नाहीं. अशा गाडीस हवा शोषणारा स्वतंत्र पंप लागतो. तो नसेल तर डबा शोभेचा. आणि त्यासाठीं तरफेचें प्रमाण कमी केलें असेल, तर ब्रेक मूळच्यापेक्षांही जड होऊन बसतो.

ह्यांतूनच सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. पेट्रोल वांचविण्यासाठीं घाटांत इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडून देण्याची खोड जुन्या चालकांत होती. मूळ जीपमध्यें ती धोक्याची होती. बलवर्धक बसविल्यावर ती प्राणघातक आहे. इंजिन बंद पडल्यावर डब्यांतील सांठा दोन-तीन वेळां ब्रेक दाबण्यापुरता टिकतो, तोही नळीवरील एकमार्गी झडप शाबूत असेल तर. पुढें पेडल दगडासारखें होतें. तेव्हां इंजिन चालूं ठेवून, खालच्या गिअरमध्यें, इंजिनाच्या रोधानेंच गाडी उतरवावी आणि ब्रेक गरजेपुरता वापरावा.

काम झाल्यावर घरच्या कोणासही करतां येईल अशी एक परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पांच वेळां दाबावें. मग पाय त्यावर तसाच ठेवून इंजिन सुरू करावें. पेडल पायाखालीं किंचित् खालीं गेलें तर बलवर्धक काम करीत आहे. न गेल्यास गाडी घराबाहेर काढूं नये. तसेंच मोटार वाहन कायदा, 1988 ह्याचें कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेंतील फेरफारांवर बंधन घालतें. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी.

पूर्वीं ह्या गाडीचा ब्रेक केवळ चालकाच्या पायावर अवलंबून होता. आतां तो इंजिनाच्या श्वासावरही अवलंबून राहणार. साहाय्य घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तें कोठून येतें व केव्हां बंद पडतें, हें घेणाऱ्यानें जाणून असावें. गाडीची किल्ली तरुणांच्या हातीं देतांना वडील मंडळींनीं एवढी खात्री अवश्य करून घ्यावी.