दृश्य की वाटा? लामालेरा येथील देवमाशाचा प्रश्न

वन्यजीव-पर्यटन आणि परंपरागत शिकार यांमधील संघर्ष बहुधा दया विरुद्ध क्रौर्य असा मांडला जातो. ही मांडणी अपुरी आहे. एकाच प्राण्याला दोन समाज दोन भिन्न व्यवहारांत स्थान देतात, हे या संघर्षाचे मूळ होय. इंडोनेशियातील लेंबाटा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील लामालेरा हे गाव याचे बोलके उदाहरण आहे.

येथील जमीन खडकाळ असून शेतीस प्रतिकूल आहे. ‘तेना’ या लाकडी होडीच्या पुढील टोकावरून ‘लामाफा’, म्हणजे भालाईत, स्वतःचा देहभार देऊन स्पर्म जातीच्या देवमाशावर झेपावतो. अलीकडे इंजिनाच्या होड्यांचेही साहाय्य घेतले जाते. सुकविलेले मांस देऊन स्त्रिया डोंगराकडील गावांतून मका आणतात. आर. एच. बार्न्स यांच्या १९९६ मधील ग्रंथामुळे ही समाजरचना अभ्यासकांस परिचित झाली. लामाफा, नावाडी, होडी बांधणारा सुतार, होडीचे हक्कदार कुळ या प्रत्येकाचा वाटा रूढीने ठरलेला असतो. विधवा व वृद्ध यांच्यापर्यंतही मांस पोहोचते. अशा स्थितीत अवयवाचे नाव हे एका परीने नात्याचेच नाव ठरते.

२००९ मध्ये सावू समुद्रात सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्या सुमारास शिकारीऐवजी देवमासा-दर्शनाचा पर्याय पुढे आला, आणि लामालेरावासीयांनी त्यास तीव्र विरोध केला. संरक्षणवाद्यांचा युक्तिवाद मात्र दुर्लक्षणीय नाही. स्पर्म देवमाशाची मादी कित्येक वर्षांच्या अंतराने एकच पिलू देते. शिवाय जिवंत प्राणी पुनःपुन्हा दाखविता येतो, मारलेला एकदाच वाटता येतो.

परंतु पर्यटनाचा पैसा कोणाच्या हाती येतो? तो होडी भाड्याने देणाऱ्यास व अतिथिगृहाच्या मालकास मिळतो. सुताराचा वा विधवेचा वाटा त्यात आपोआप निघत नाही. काही पर्यटक तर शिकारच पाहावयास येतात. तेव्हा उपजीविकेचेच दृश्य बनते.

तात्पर्य, बंदी किंवा परवानगी एवढ्याने प्रश्न सुटणार नाही. देवमासा वाचवावयाचा असेल, तर त्याच्या देहाबरोबर वाटली जाणारी नाती कोणत्या नव्या उत्पन्नात आणि कोणत्या नियमाने वाटली जातील, हे आधी ठरवावे लागेल. आणि ते ठरविण्यात लामालेराच्या कुळांचा शब्द प्रमाण मानावा लागेल.